ब्रशवर रक्त दिसले तर...

“हिरडीतून रक्त येतं, म्हणून त्या बाजूला मी ब्रश लावतच नाही,” असे परवा माझ्या खाला म्हणाल्या. रक्त आले म्हणजे ब्रश लागला, तेव्हा ती जागा सोडून द्यावी, अशी समजूत बऱ्याच घरांत असते. प्रत्यक्षात होते उलटेच.

घासलेल्या दातावर थोड्याच वेळात लाळेतील प्रथिनांचा पातळ पापुद्रा बसतो. त्यावर आधी स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू चिकटतात. मग एका जंतूला दुसरा धरतो आणि थरावर थर चढतो. हा थर हिरडीच्या कडेला साचला की हिरडी सुजते, तिच्यातून रक्तातील द्रव पाझरतो आणि पुढे जरासा धक्का लागला तरी रक्त येते.

रक्तातील प्रत्येक प्रथिन जंतूंच्या फायद्याचे नसते. काही जंतूंचे एकमेकांना चिकटणे त्यामुळे कमीही होते. पण रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन पकडून ठेवण्याची सोय काही जंतूंच्या अंगावर असते. हिरड्यांचा मोठा शत्रू पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस तर हिमोग्लोबिन तोडून त्यातले लोह मिळवतो. म्हणजे हिरडीतले रक्त ही त्याची मेजवानीच!

1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी 12 निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबवायला सांगितले. दोन-तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू होताच त्या बऱ्या झाल्या.

म्हणून मऊ ब्रशने, जोर न लावता, हिरडीच्या कडेपर्यंत रोज दोनदा दात घासा. मिस्वाक वापरत असाल तर तिचे टोक चावून मऊ करा आणि आतली बाजू विसरू नका. दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, हिरडीतून पू आला किंवा दात हलू लागला, तर दंतवैद्याकडे जा. मधुमेह असेल, हृदयाची झडप बदललेली असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तसे त्यांना आधीच सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

खालांना मी मऊ ब्रश आणून दिला आहे. पहिले काही दिवस रक्त दिसेल, तरी घाबरून ती बाजू सोडायची नाही, एवढे त्यांनी कबूल केले आहे.