आधी रंगीत तालीम, मग प्रयोग

गेल्या महिन्यात निपाणीहून भाचीचा फोन आला. "मामा, जुना लॅपटॉप भंगारात घालूया काय? विंडोज १० संपलं म्हणतात सगळे."

मुलांनो, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट थांबली, हे खरं. पण यंत्र त्या दिवशी मेलं नाही. तिच्या लॅपटॉपची रॅम २ जीबी. विंडोज ११ ला किमान ४ लागते. मग हलकं लिनक्स घालायचं ठरलं. तिची अट एकच: घरचं मराठी आणि शाळेचं कन्नड, दोन्ही लिहिता आलं पाहिजे.

या कामात मी एकदा हात पोळून घेतलाय. जुन्या संगणकावर थेट लिनक्स घालताना डिस्क पुसली आणि वडिलांचे फोटो कायमचे गेले. तेव्हापासून आधी रंगीत तालीम.

ती तालीम क्यूएमूमध्ये होते. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं २००३ मध्ये आणलेला हा मोफत प्रोग्राम तुमच्या संगणकात दुसरा, खोटा संगणक उभा करतो. त्याची डिस्क म्हणजे एक साधी फाइल. मी ८ जीबीची केली. ती भरेल तेवढीच जागा खाते. रॅम मुद्दाम २ जीबीच दिली. तालमीला मोठं स्टेज आणि प्रयोगाला छोटं, असं करून चालत नाही.

मग डेबियनची छोटी सीडी-फाइल घेतली. डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून फक्त पाया घातला. त्यावर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप, एक ब्राउझर आणि मराठी-कन्नडसाठी लोहित फॉन्ट. प्रत्येक टप्प्याला यंत्र बंद करून स्नॅपशॉट घेतला. बिघडलं की एक पाऊल मागे, रडारड नाही.

कीबोर्ड इन्स्क्रिप्ट ठेवला. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८० च्या दशकात ठरवलेल्या या मांडणीत मराठी 'क' ज्या बटणावर, कन्नड 'क'ही त्याच बटणावर. बोटं एकदाच शिकतात, लिप्या दोन मिळतात. आपल्या सीमाभागातल्या पोरांना याहून सोयीचं काय हवं?

शेवटी डिस्कची फाइल साध्या 'रॉ' रूपात बदलून १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवली आणि रविवारी निपाणी गाठली. लॅपटॉप सुरू झाला, पण वायफाय नाही! खोट्या संगणकात वायफायचं कार्ड नसतंच, त्यामुळे त्याचं फर्मवेअर आपणहून आलं नव्हतं. मोबाइल केबलनं जोडून नेट घेतलं, फर्मवेअर घातलं, काम झालं. आणखी एक ध्यानात ठेवा: क्यूएमू सहसा जुन्या पद्धतीच्या बायोसनं सुरू होतो. तुमचा लॅपटॉप फक्त यूईएफआयवर चालत असेल, तर तालीमही यूईएफआयवरच करा.

लॅपटॉपच्या आतल्या डिस्कला आम्ही हात लावला नाही. ताईचे सगळे फोटो जागेवर आहेत. भाचीनं आधी आजीला मराठीत चार ओळी लिहिल्या, मग कन्नडचा गृहपाठ काढला.

तुमच्या माळ्यावरही असा एखादा लॅपटॉप असेल. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक रविवार त्याला द्या. आणि फोटोंची प्रत सगळ्यात आधी काढा.