पऱ्हाटीचा धूर

फाल्गुन सरत आला आणि कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की यवतमाळ जिल्ह्यात दिवस मावळताना धुराच्या रेषा उठू लागतात. कळंब, राळेगाव, मारेगाव, घाटंजी, कोणत्याही वाटेने जावे, धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग पेटलेले दिसतात. नगरवासी प्रवासी मोटारीची काच वर करतो आणि शेतकऱ्याच्या अडाणीपणावर दोन शब्द बोलून मोकळा होतो. हा न्याय आम्हांस फार सवंग वाटतो.

पृथ्वीचे तापमान वाढविणारे वायू म्हटले, की आपल्यापुढे कारखान्यांची धुराडी उभी राहतात. परंतु २०१९ मध्ये जगात मनुष्याच्या व्यवहारांतून निघालेल्या अशा वायूंपैकी सुमारे २२ टक्के शेती, जंगलतोड आणि जमिनीचे अन्य वापर यांतून आले. भारताच्या २०२० च्या हिशेबात एकट्या शेतीचा वाटा सुमारे १४ टक्के आहे. त्यांत मोठा भाग गुरांच्या रवंथातून व भातखाचरांतून निघणाऱ्या मिथेनचा होय. यवतमाळ हा भाताचा मुलूख नव्हे. कापसाच्या या जिल्ह्यापुढील खास प्रश्न दोन: पऱ्हाटी आणि युरिया.

पऱ्हाटी जळताना निघणारा कर्बवायू पिकाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो, म्हणून शास्त्रज्ञ त्याचा दोष ज्वलनाकडे लावीत नाहीत. मात्र अर्धवट ज्वलनातून निघणारे मिथेन व नायट्रस ऑक्साइड हिशेबात येतातच. याहून मोठी हानी जमिनीची होते. जे कुजून सेंद्रिय कर्ब व्हावयाचे, ते धुरात जाते. आणि कोरडवाहू काळ्या जमिनीचा कस व ओल धरण्याची शक्ती त्या कर्बावरच अवलंबून असते.

मग शेतकरी जाळतो का? २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी पोखरली. ही अळी शेतात राहिलेल्या बोंडांत दडून पुढच्या हंगामाची वाट पाहते. म्हणून फरदड घेऊ नका, पऱ्हाटी उभी ठेवू नका, हा कृषी खात्याचा उपदेश रास्तच आहे. परंतु उपटलेली पऱ्हाटी न्यावी कोठे? चुलीपुरती घरी जाते. उरलेली वाहून नेण्यास मजूर हवेत, बारीक करण्यास यंत्र हवे, आणि दोन्हींस पैसा हवा. आगकाडीस तो लागत नाही. कर्जात बुडालेल्या माणसाने येथे आगकाडी निवडली, तर त्यास अडाणी कोणी म्हणावे?

युरियाची गोष्टही अशीच. पिकास दिलेल्या नत्राचा निम्म्याहून कमी अंश पिकास लागतो. श्रावणसरींनी चिकण जमीन तुंबली, की तिच्यातील जीवाणू उरलेल्या नत्राच्या काही भागाचे नायट्रस ऑक्साइड करतात. आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे २७० पट तापदायक आहे. अनुदानाने युरिया इतर खतांहून स्वस्त पडतो, म्हणून त्याचा हात सैल सुटतो. तथापि रासायनिक खताला शिव्या देणे कृतघ्नपणाचे होईल. याच जिल्ह्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्री होते. १९७२ चा दुष्काळ राज्याने तेव्हाच भोगला. संकरित बियाणे व खते ही त्या काळच्या भुकेला दिलेली उत्तरे होती. आजचा प्रश्न मात्र खत किती द्यावे व केव्हा द्यावे, याचा आहे.

उपाय अज्ञात नाहीत. माती तपासून युरिया हप्त्याहप्त्याने द्यावा. कपाशीतील तुरीचे जुने आंतरपीक राखावे. पऱ्हाटीची कुट्टी करून खत करता येते, आणि तिच्यापासून दाबफळ्या व इंधनाच्या कांड्याही होतात. त्याची तंत्रे आपल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने सिद्ध केली आहेत. नैसर्गिक शेती करणारे यवतमाळचे सुभाष शर्मा यांस २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, हे भूषणच होय. परंतु एका शेतकऱ्याचा गौरव केल्याने हजारोंच्या धुऱ्यावर कुट्टीयंत्र पोहोचत नाही. गावोगाव शेतकरी गटांकडे ते यंत्र माघ-फाल्गुनात माफक भाड्याने मिळावे आणि पऱ्हाटीस बांधावर रोख दर मिळावा, ही आमची शासनाकडे मागणी आहे.

हा खर्च कोणी सोसावा? त्याच जिल्ह्यात वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. राज्याची वीज अद्याप बव्हंशी कोळशावरच निघते. त्या विजेच्या उजेडात बसून, अंगावर सुती सदरा घालून, आपण पऱ्हाटीच्या धुराचा विचार करीत आहोत. वर्षभर निघणारा आपला धूर आपल्यास दिसत नाही. शेतकऱ्याचा ऐन उन्हाळ्याच्या तोंडी दिसतो, एवढाच फरक. कापूस घेताना आपण बोंड घेतले आणि पऱ्हाटी त्याच्या पदरी टाकली. तिचा भार उचलण्यास आता आपणही खांदा दिला पाहिजे.