ओळख आणि उपदेश

आपल्यापैकी कित्येकजण पदवी हाती पडण्याआधीच लिंक्डइनवर नाव नोंदवतात. हेतू एकच : नोकरी. अशा ठिकाणी चर्चने आपला प्रचार करावा काय? माझे मत असे की, जरूर करावा. पण उघडपणे करावा. धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य घटनेच्या २५ व्या कलमाने दिलेलेच आहे.

१८४२ साली निघालेला 'ज्ञानोदय' मिशनचा, हे वाचकाला ठाऊक होते. रेव्हरंड टिळकांच्या कीर्तनाला श्रोता जाणूनच बसे. आपल्या वाशिमातच पाहा. नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल १९३८ साली सुरू झाले, डॉ. ऑर्फा स्पायकर तेथे राबल्या. दवाखाना मिशनचा, हे लपलेले नव्हते. आणि रोगी येई तो औषधासाठी.

लिंक्डइनवर मात्र नोकरीची आशा दाखवून मागाहून प्रार्थनेचे निमंत्रण आले, तर ती फसवणूकच नव्हे काय? बेकार तरुणाची गरज म्हणजे कुणाचे जाळे नव्हे. श्रद्धावान परिचारिकेने वा हिशेबनिसाने आपली श्रद्धा नावाखाली खुशाल लिहावी, होतकरूला कामाचा खरा सल्ला द्यावा आणि पुढचे त्याने विचारले तरच सांगावे. ही कसोटी मठ, मशीद, विहार साऱ्यांनाच लागू आहे.