वह्या वाटून झाल्यानंतर

जूनच्या मध्यास शाळा उघडल्या की तालुक्याच्या गावांतून एक ठरावीक समारंभ पार पडतो. एखादा रोटरी किंवा लायन्स क्लब, एखादे तरुण मंडळ जिल्हा परिषदेच्या शाळेत येते. फलक बांधला जातो, भाषणे होतात आणि तासभर ताटकळलेल्या मुलांना एकेक करून पुढे बोलावून, छायाचित्रकाराकडे तोंड करायला लावून, चार वह्या व एक कंपासपेटी दिली जाते. या प्रकाराची टवाळी करणे आपल्या कार्यकर्त्यांना फार सोपे वाटते. आम्हांस ती टवाळी मान्य नाही. ज्या घरात चार वह्या हा खरोखरीच खर्चाचा प्रश्न असतो, त्या घराला त्या मिळाल्या हे चांगलेच झाले. विचार करायचा तो पुढचा.

दात्याला वस्तू द्यायला आवडते, कारण वस्तूवर नाव घालता येते. म्हणून शाळांना बाके मिळतात, संगणक मिळतात, पाणी शुद्ध करण्याची यंत्रे मिळतात. परंतु शाळेचा आणि अंगणवाडीचा मुख्य खर्च हा माणसांचा, म्हणजे दरमहा करावयाच्या वेतनाचा असतो; आणि शिक्षिकेच्या पगारावर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. संगणक येतो, पण विजेचे बिल कोणी भरायचे हे ठरत नाही. यंत्राची गाळणी बदलण्याची वेळ येते तोवर क्लबचा अध्यक्ष बदललेला असतो. (तेथे अध्यक्षपद वर्षाचेच असते.) एकदाच्या खर्चाला टाळ्या मिळतात, आवर्ती खर्च अनाथ राहतो.

याच क्लबांनी याहून मोठे काम केले आहे, हेही सांगितले पाहिजे. पोलिओच्या निर्मूलनाची जगभरची मोहीम रोटरीने १९८५ साली हाती घेतली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हा क्लबांच्या सभासदांनी पैसा उभारला, बूथवर बसले, वस्त्यांतून फिरले. मात्र मोहिमेचा कणा होता तो सरकारी आरोग्ययंत्रणेचा, घरोघर जाणाऱ्या परिचारिकांचा आणि अंगणवाडी सेविकांचा. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. क्लबांनी येथे सार्वजनिक यंत्रणेला पर्याय उभा केला नाही. ते तिच्या शेजारी उभे राहिले. डोस घेतल्याबद्दल कोणत्याही मुलाला कोणाचे आभार मानावे लागले नाहीत.

दुर्दैवाने शासनाला मात्र पहिलाच मार्ग अधिक सोयीचा वाटतो. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘दत्तक शाळा’ योजना काढली व ठरावीक रकमेच्या वस्तू वा सेवा देणाऱ्या दात्यास शाळेला आपले नाव जोडण्याची मुभा दिली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हा कायद्याने मुलांचा हक्क आहे. हक्काची वस्तू दत्तक देता येते, हे अर्थशास्त्र आम्ही तरी शिकलो नव्हतो.

आणि सेवेचे गोडवे गाणाऱ्या या शासनव्यवस्थेने स्वतः काय केले? बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या दारात बालशिक्षण नेले; गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येता येत नाही म्हणून शाळाच कुरणात नेली. अंगणवाडी ही कल्पना ताराबाईंची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा ती कल्पना देशभर गेली. पण अंगणवाडी चालवणारी बाई ‘मानद’ ठरली आणि तिच्या वेतनाचे नाव मानधन पडले. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावे लागले. पुढे डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका व मदतनीस सुमारे पन्नास दिवस संपावर होत्या. ताराबाईंनी आपखुशीने पत्करलेला त्याग शासनाने गरीब स्त्रियांच्या सेवाशर्तींत लिहून टाकला. क्लबच्या चार वह्यांपेक्षा स्वयंसेवेचा हा उपयोग अधिक धोक्याचा आहे.

तेव्हा आपल्या साथींनी क्लबांशी भांडत बसू नये. शिक्षणहक्क कायद्याने जिल्हा परिषदेच्या शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचे काम आहे. पुष्कळ गावी हा आराखडा मुख्याध्यापक एकटेच लिहितात व पालक सही करतात. यंदाच्या जूनपूर्वी तो मागवून घ्यावा, पालकांसह वाचावा आणि क्लबच्या पदाधिकाऱ्यांपुढेही ठेवावा. त्यांच्यात अभियंते असतात, डॉक्टर असतात, हिशेब तपासणारे असतात. रिकामी राहिलेली शिक्षकांची पदे, बंद पडलेली स्वच्छतागृहे, न आलेले अनुदान यांचा पाठपुरावा पंचायत समितीत करायला ही माणसे वर्षभर आली, तर वह्या त्यांनी खुशाल वाटाव्यात.