बेटाच्या बाजूने

म्हैसूरचा दसरा सुरू झाला तो म्हैसूरमध्ये नव्हे. राजा वोडेयर यांनी १६१० साली विजयनगरच्या प्रतिनिधीकडून श्रीरंगपट्टण घेतले आणि त्याच वर्षी तिथे दसऱ्याचा दरबार भरवला. म्हैसूरपासून पंधरा किलोमीटरवर कावेरी दोन फाट्यांत विभागते आणि पुढे पुन्हा एक होते. या फाट्यांमधले जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे बेट पुढची जवळपास १९० वर्षे एका राज्याची राजधानी होते. महाराष्ट्रातून दसरा पाहायला जाणारी मंडळी राजवाडा, चामुंडी टेकडी आणि वृंदावन उद्यान यांच्यामध्ये कुठेतरी या बेटाला तासभर देतात. त्या तासात टिपू जिथे पडला ती जागा दाखवली जाते, तुरुंग आणि दर्या दौलत बाग दाखवली जाते. मराठ्यांचे नाव निघालेच तर ओझरते निघते. मराठी शालेय इतिहासात याच्या नेमके उलट घडते. तिथे श्रीरंगपट्टण हे स्वाऱ्यांच्या यादीतले एक नाव आहे.

लहान बेटांचा इतिहास असाच, बाहेरच्यांच्या बाजूने लिहिला जातो. पॅसिफिक महासागरातले नाउरू एकवीस चौरस किलोमीटरचे आहे. १८८८ साली जर्मनीने ते ताब्यात घेतले, १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियाने, दुसऱ्या महायुद्धात जपानने. त्याच्या पोटातले फॉस्फेट खणून दूरच्या शेतांना खत पुरवले गेले. १९६८ मध्ये स्वतंत्र झाल्यावर नाउरूने १९८९ साली ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले, खणून उजाड केलेल्या जमिनीचा जाब विचारला, आणि १९९३ मध्ये तडजोडीने भरपाई मिळवली. तोवर नाउरूची हकिकत इतरांच्या कागदांत होती. खटल्याच्या निमित्ताने ती बेटाच्या तोंडून मांडली गेली. श्रीरंगपट्टणाला असे न्यायालय मिळालेले नाही. पण त्याची हकिकत ज्या कागदांत विखुरली आहे त्यांतले पुष्कळसे मराठीत, मोडी लिपीत आहेत. म्हणून हा विषय आपल्यावर येतो.

बेटावरून पाहिले तर मराठे एकदा आलेले पाहुणे नव्हेत. १६३० च्या दशकाअखेर विजापूरचा रणदुल्लाखान कर्नाटकात उतरला तेव्हा शहाजीराजे त्याच्यासोबत होते. श्रीरंगपट्टणावरचा तो हल्ला कंठीरव नरसराज वोडेयर यांनी परतवला. १७५७ मध्ये पेशव्यांची फौज किल्ल्यापुढे बसली आणि खंडणी ठरवून उठली. १७६० साली म्हैसूरची सत्ता हाती घेऊ पाहणाऱ्या हैदर अलीविरुद्ध उठलेला खंडेराव मराठी ब्राह्मण होता, आणि त्याच्या मदतीला विसाजी कृष्ण बिनीवाले आले होते. मार्च १७७१ मध्ये त्रिंबकराव पेठ्यांनी चिनकुरळीजवळ हैदरची फौज अक्षरशः उधळून लावली. हैदर कसाबसा बेटावर पोचला. मराठे किल्ल्याभोवती राहिले, पण कावेरी आणि तटबंदी यांनी किल्ला वाचवला. पुढच्या वर्षी तह झाला.

या विजयाचे वर्णन आपल्या पुस्तकांत आहे. त्याच्या शेजारीच, मेलुकोटे या देवस्थानाच्या गावात काय झाले ते सहसा नसते. म्हैसूरच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. गाव सोडून लोक पळाले, आणि देवाचे मोठे लाकडी रथ त्यांतल्या लोखंडासाठी जाळले गेले. रथ वैष्णवांचे होते, जाळणारे हिंदवी राज्याचे सैनिक होते.

वीस वर्षांनी हेच पुन्हा घडले, आणि मोठ्या प्रमाणावर. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात मराठा सरदार परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके इंग्रजांच्या, म्हणजे कॉर्नवॉलिसच्या बाजूने उतरले. त्यामागे कारणे होती आणि ती खरी होती. हैदरने तुंगभद्रेच्या उत्तरेचा मुलूख गिळला होता, १७८५ साली त्याचा मुलगा टिपू याने नरगुंदचे संस्थानिक भावे यांना कैद केले होते. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापाशी पोचला खरा, पण जनावरे मरत होती, धान्य संपले होते. जड तोफा निकामी करून तो मागे फिरला, आणि मेलुकोट्याजवळ मराठ्यांची छावणी भेटली तेव्हा तिच्या भरलेल्या बाजाराने त्याच्या उपाशी फौजेला तारले. तो बाजार पोचला नसता तर युद्धाचे पुढचे पान निराळे लिहिले गेले असते, असे मानायला जागा आहे.

त्याच मोहिमेत रघुनाथराव पटवर्धनांच्या फौजेतल्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेची मूर्ती हलवली गेली, माणसे मारली गेली, स्वामी सच्चिदानंद भारती यांना कारकळला आश्रय घ्यावा लागला. स्वामींनी मदत मागितली ती टिपूकडे, आणि टिपूने पैसे, धान्य व मूर्तीच्या पुनःस्थापनेसाठी साहाय्य पाठवले. हा पत्रव्यवहार १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे आर. नरसिंहाचार यांच्या हाती लागला. दोष पेंढाऱ्यांवर आणि लमाणांवर टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. ते लोक लूट करायचे हे खरे, पण ते आपल्याच फौजेच्या सावलीत चालत होते, आणि फौजेच्या सरदाराचे नाव कागदावर आहे. उलट, या पत्रांवरून टिपूला सर्व धर्मांचा पालक ठरवणेही चुकीचे. कोडगूच्या आणि मलबारच्या लोकांना त्याचा जो अनुभव आला तो शृंगेरीच्या पत्रांनी पुसला जात नाही. एका माणसाच्या दोन्ही बाजू एकाच पानावर लिहिता आल्या पाहिजेत, आणि एका राज्याच्याही.

फेब्रुवारी १७९२ मध्ये बेटावर हल्ला झाला आणि मार्चमध्ये तह. टिपूचे निम्मे राज्य गेले, तीन कोटी तीस लाख रुपये दंड बसला, दोन मुलगे ओलीस गेले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेपर्यंत आली. पुण्याला हे यश वाटले. पण दक्षिणेत इंग्रजांना अडवू शकणारी दुसरी सत्ता त्या तहाने निम्मी झाली होती. चौथ्या युद्धात मराठे उतरले नाहीत. ४ मे १७९९ रोजी किल्ला पडला, टिपू मारला गेला, बेट लुटले गेले. आर्थर वेलस्ली तिथला अधिकारी झाला, आणि चार वर्षांनी आसईच्या मैदानात तो शिंदे-भोसल्यांसमोर उभा होता. श्रीरंगपट्टणातून आसईपर्यंतचा हा रस्ता आपल्याकडे पुरेसा शिकवला जात नाही.

बेटाचे पुढे काय झाले ते लढायांच्या यादीत येत नाही. राजधानी म्हैसूरला गेली. १८०० साली कंपनीचा पाहणी अधिकारी बुकानन बेटावर आला तेव्हा मोजणीत सुमारे बत्तीस हजार माणसे भरली, टिपूच्या वेळी दीड लाख असावीत असा त्याचा अंदाज होता. म्हैसूरचे दिवाण पूर्णय्या यांनी १८०४ मध्ये कावेरीवर दगडी पूल बांधला, त्याला नाव दिले वेलस्लीचे. हिवतापाने माणसे मरू लागल्यावर १८०९ मध्ये पलटण बंगळूरला हलवली. बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीचे राहिले आणि म्हैसूर दरबार त्याच्या वापरासाठी वर्षाला पन्नास हजार रुपये खंड भरत राहिला. १८८१ साली वोडेयरांना इंग्रजांकडून राज्य परत मिळाले तेव्हा बंगळूरच्या छावणीच्या जागेच्या बदल्यात हे बेट त्यांना देण्यात आले. ज्यांनी दसरा तिथे सुरू केला त्यांच्या वंशजांना ते बेट अदलाबदलीत मिळाले.

मोडीतले पेशवे दफ्तर आणि कन्नडमधली शृंगेरीची पत्रे आज वेगवेगळ्या कपाटांत आहेत आणि वेगवेगळ्या अभिमानांसाठी वापरली जातात. १७५७ ते १७९२ या पस्तीस वर्षांचे दोन्हीकडचे कागद समोरासमोर छापलेला एक मराठी खंड काढणे म्हैसूर आणि पुणे इथल्या विद्यापीठांना मिळून अवघड नाही. आपल्या सरदारांची पत्रे आणि त्याच महिन्यात मठाने लिहिलेली पत्रे त्यात एका पानावर असावीत, आणि त्यांचे संपादन कन्नड व मराठी अशा दोन्ही अभ्यासकांनी करावे.