पडद्यावरची खाण, दाराबाहेरची खाण

गेल्या दहा वर्षांत कॅमेऱ्याला सिंधुदुर्गाची वाट चांगलीच पाठ झाली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली आणि आकेरीच्या वाड्याने घराघरात धडकी भरवली. २०१७ मध्ये ‘गाव गाता गजाली’ आली, २०२१ मध्ये ‘पिकासो’. सप्टेंबर २०२५ मध्ये तर लागोपाठच्या दोन आठवड्यांत दोन चित्रपट लागले : १२ तारखेला ‘दशावतार’ आणि १९ तारखेला ‘कुर्ला टू वेंगुर्ला’. वेंगुर्ले तालुक्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या हद्दीला टेकलेल्या रेडीत सिनेमागृह नाही. कुणी केबलवर पाहतं, कुणी मोबाइलवर, हौशी मंडळी गाडी काढून गोव्यातलं थिएटर गाठतात. तिथल्या साध्या प्रेक्षकाचं मत परीक्षणांत कधी छापून येत नाही. ते विचारात घ्यायला हवं, कारण पडद्यावर दिसतंय त्यातलं बरंचसं त्याच्या दाराबाहेर आहे.

या प्रेक्षकाची तालीम जत्रेत झालेली असते. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्री उशिरा दशावतारी नाटक उभं राहतं. पायपेटी, मृदंग आणि झांज, एवढाच वाद्यमेळ. आधी आडदशावतार : गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि मग लोकांना हसवून सोडणारा काळ्या वेशातला संकासुर. त्यानंतर आख्यान. नाटकाची लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरलेला, संवाद जागच्या जागी. समोरचा नट अडला तर दुसरा त्याला कसा सावरून घेतो, स्त्रीपार्टी करणारा पुरुष पदर कसा सांभाळतो, राजाचा आवाज पहाटेपर्यंत टिकतो की बसतो, हे लोक बारकाईने पाहतात. नाटकाअखेरचा दहीकाला होईस्तोवर जागलेल्या अशा माणसासमोर खोटा अभिनय फार वेळ टिकत नाही.

‘रात्रीस खेळ चाले’बद्दल जिल्ह्यात सुरुवातीलाच नाराजी उमटली होती. मालवणी माणसाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, असे आक्षेप घेतले गेले आणि ते बिनबुडाचे नव्हते. पण पुढे मालिकेचे तीन भाग झाले, आकेरीचा वाडा पाहायला पर्यटक येऊ लागले, प्रल्हाद कुडतरकर, शकुंतला नरे यांच्यासारखे कलाकार घरोघरी ओळखीचे झाले आणि मालवणी बोली रोज रात्री राज्यभर ऐकू येऊ लागली. हा फायदा मोठा आहे. तरीही मालिकेतला सर्वांत खरा भाग भुतांचा नव्हता. घरातले कर्ते अण्णा यांच्या मृत्यूनंतर एका छताखाली जमलेली भावंडं, मुंबईहून आलेला आणि गावात राहिलेला यांच्यातली तेढ, जमिनीवरून धुमसणारा संशय, हे कोकणातल्या कुठल्याही घरात घडू शकतं. सातबाऱ्यावर काका-पुतण्यांची रांग लागलेल्या माणसाला वेगळ्या भुताची गरज पडत नाही. मालिकेने मात्र हा धागा हळूहळू सैल सोडला आणि भीतीचा आवाज वाढवला.

‘कुर्ला टू वेंगुर्ला’ने हात घातलेला विषयही असाच खरा आहे. गावात राहणाऱ्या, शेती-बागायत सांभाळणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. हसत-खेळत सांगितलेली ही गोष्ट गावागावांत रोज घडते आहे.

अभिजित वारंग यांचा ‘पिकासो’ लहानसा चित्रपट, पण या सगळ्यांत जपून केलेला. मुलाला चित्रकलेत मोठी संधी चालून आली आहे आणि बाप दारूत बुडालेला दशावतारी नट. प्रसाद ओक यांनी तो बाप साकारला आहे. मेकअप करताना थरथरणारा हात आणि पैशांचा विषय निघाला की खाली जाणारी नजर लक्षात राहते. ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चित्रपटाचा विशेष उल्लेख झाला, तो योग्यच होता. लोककलेचा गौरव करताना कलावंताच्या घरातली चूल पेटते की नाही हे विचारायला धैर्य लागतं.

सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’ने याच कलेला मोठ्या पडद्यावर मोठं केलं. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री नजर अधू होत असतानाही सोंग सोडायला तयार नाही. चेहऱ्यावर रंग चढला की त्याचा कणा ताठ होतो, आणि रेडीच्या प्रेक्षकाला ते पटतं, कारण दिवसा मजुरी करणारा माणूस रात्री इंद्र झालेला त्याने पाहिलेला आहे. उत्तरार्धात बाबुली एकेक अवतार घेऊन गावात खाण आणू पाहणाऱ्यांचा हिशेब चुकता करू लागतो, तिथे चित्रपट वेगळ्या जातीचा होतो. त्याची तुलना ‘कांतारा’शी झाली, ती साहजिक आहे. ऋषभ शेट्टी यांनी २०२२ मध्ये त्या चित्रपटात आपल्याच मुलखातली भूतकोलाची परंपरा आणि जंगल-जमिनीचा झगडा एकत्र गुंफून देशभर नेला. मराठीत तसा आत्मविश्वास दिसला, याचा आनंद मोठा आहे.

पण खाणीपाशी आलं की रेडीचा माणूस थबकतो.

रेडीत लोहखनिजाच्या खाणी अनेक दशकं चालल्या आहेत. खनिज बंदरावर न्यायचं, तिथून बाहेर धाडायचं, हे चक्र इथल्या पिढ्यांनी पाहिलं. कच्च्या लोखंडाचा कारखानाही चालून बंद पडला. ट्रक चालवणारे, मशिनवर काम करणारे, टपरी आणि खानावळ चालवणारे, कितीतरी घरं या मातीवर उभी राहिली. त्याच मातीची तांबडी पूड उन्हाळ्यात काजूच्या पानांवर बसते आणि पावसात खड्ड्यांमध्ये पाणी साचून राहतं. इथला प्रसिद्ध द्विभुज गणपती १९७६ मध्ये याच खाणीच्या परिसरात सापडला. श्रद्धा, मजुरी आणि नासाडी एकाच उताराच्या पोटात असलेलं हे गाव आहे.

‘दशावतार’मधली खाण मात्र बाहेरून चालून आलेल्या राक्षसासारखी दिसते. तिला विरोध व्हायलाच हवा, याबद्दल शंका नाही. जुलै २०२१ मध्ये दोडामार्ग तालुक्यात कळणे इथे खाणीचा बांध फुटून गावात चिखल-पाणी घुसलं होतं. पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात सिंधुदुर्गातल्या खाणींबद्दल स्पष्ट इशारा दिला होता. प्रश्न विरोधाचा नाही, गोष्टीचा आहे. पडद्यावर खलनायक मारला की खाण संपते. गावात ती ग्रामसभेत दोन तट पाडते, सख्ख्या भावांत बोलणं बंद करते, बंद पडल्यावर पोरांना गोव्यात नोकरी शोधायला लावते. एकाच घरात मोठा भाऊ डंपरवर आणि धाकटा आंदोलनात, आणि आई दोघांना एकाच ताटलीतून भाकरी वाढते, ही गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही. तिच्यात अवतारांना जागा आहे, फक्त वध कुणाचा करायचा हे तितकं सोपं राहणार नाही.

ही अपेक्षा अवाजवी नाही, कारण या पट्ट्याचं सिनेमाशी नातं जुनं आहे. रेडीला लागून असलेल्या शिरोड्यात वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिक्षक होते आणि त्याच काळात, १९३६ मध्ये, त्यांच्या लेखणीतला ‘छाया’ मास्टर विनायक यांनी पडद्यावर आणला. पलीकडच्या आरवलीच्या जयवंत दळवींच्या ‘चक्र’वर १९८१ मध्ये हिंदी चित्रपट झाला आणि स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. समाजाच्या तळाशी राहणाऱ्या माणसाकडे न डगमगता पाहण्याची ही नजर इथल्याच मातीतली आहे. शिरोड्याचा १९३० चा मिठाचा सत्याग्रह तर अजूनही एका चांगल्या चित्रपटाची वाट पाहतो आहे.

दिग्दर्शकांकडे इथल्या प्रेक्षकाच्या वतीने दोन मागण्या करता येतील. पहिली, पटकथा पक्की होण्याआधी ती गावात वाचून दाखवावी. आख्यान कुठे खोटं पडतं हे देवळासमोर रात्र काढणारे लोक पानागणिक सांगतील. दुसरी, इथे चित्रीकरण केलेल्या चित्रपटाचा एक खेळ इथेच, जत्रेच्या दिवसांत देवळासमोरच्या मोकळ्या जागेत लावावा. पडदा आणि प्रोजेक्टर आणणं आता अवघड राहिलेलं नाही. गोव्यातल्या थिएटरात तिकीट काढून जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्या दशावतारींना बाबुली मेस्त्री मोठ्या पडद्यावर पाहता येईल, आणि खेळ संपल्यावर ते काय म्हणतात हे ऐकायला दिग्दर्शकाने तिथे हजर असावं.