खोक्यावरचा आकडा

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. ज्या वस्तूवर वेग छापून पैसे घेतले जातात, ती त्या वेगानं चालते आहे हे विकणाऱ्यानं गिऱ्हाईकाला दाखवलं पाहिजे. आणि गिऱ्हाईकानं ते न लाजता मागितलं पाहिजे.

विषय आहे कॉम्प्युटरची मेमरी, म्हणजे ज्याला सगळे रॅम म्हणतात ती. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माणसानं या भानगडीत का पडावं, असं आमच्या घरातही विचारून झालं आहे. कारण सांगतो.

२२ जुलै २०२१ च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली ते तुम्हाला आठवत असेल. माझा एक जुना विद्यार्थी राहतो पोलादपूरला, त्याचं फोटो आणि फ्लेक्सचं दुकान महाडात. प्रिंटर, कॉम्प्युटर सगळं चिखलात गेलं. त्यानं कर्ज काढून नवं मशीन जोडून घेतलं. पैसे वाचवायला वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, पण मेमरी मात्र चांगली घेतली. १६ जीबी, खोक्यावर आकडा ३२००.

मागच्या मे महिन्यात माझा नातू सुट्टीला आला असताना त्याच्या दुकानात जाऊन बसला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप अशी तीन बटणं एकदम दाबली, टास्क मॅनेजर उघडला, त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. स्पीडपुढं आकडा होता २१३३. म्हणजे पैसे तीन भागांचे आणि चाल दोन भागांची, तीही गेली काही वर्षं!

हे कसं होतं ते समजून घेतलं तेव्हा मला गंमत वाटली. मेमरीच्या पट्टीत दोन प्रकारचे वेग नोंदवलेले असतात. एक सगळीकडे चालेल असा सावध वेग, आणि दुसरा कंपनीनं खोक्यावर मिरवलेला. मशीन पहिल्यांदा सुरू होतं ते सावध वेगावर. मिरवलेला वेग हवा असेल तर सुरू होतानाच बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करावा लागतो (काही मदरबोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा एक्स्पो म्हणतात). हे काम दोन मिनिटांचं, पण कुणी केलं नाही तर मशीन तक्रार करत नाही. ते आपलं निमूटपणे हळू चालत राहतं. वर्गात मागच्या बाकावर बसणारी काही हुशार मुलं अशीच असायची, विचारल्याशिवाय बोलायची नाहीत.

आता दुकानदाराची बाजूही सांगायला हवी. तो चोर असतोच असं नाही. हा पर्याय चालू केल्यावर एखादं मशीन मध्येच अडकतं, आणि मग गिऱ्हाईक परत त्याच्याच दारात. शिवाय सगळाच दोष बायोसचा नसतो. काही मेमरी ३२०० लाच आपोआप चालते. उलट काही मशीनांना तो वेग झेपतच नाही. इंटेलच्या दहाव्या पिढीचा आय-थ्री एच-४१० बोर्डावर बसवला, तर ३२०० ची पट्टीही २६६६ च्या वर जात नाही. दोन वेगवेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्या की दोन्ही धीम्या पट्टीच्या चालीनं चालतात, बैलजोडीसारख्या.

आणि एक सावधगिरी. सीपीयू-झेड नावाच्या प्रोग्रॅममध्ये ३२०० च्या मेमरीला १६०० दिसतं. तिथं भांडायला जाऊ नका. घड्याळाच्या एका ठोक्याला मेमरी दोनदा माहिती देते, म्हणून त्या आकड्याची दुप्पट करायची.

फरक किती पडतो? खरं सांगायचं तर मी इथं मराठी टंकतो त्याला काडीचाही पडत नाही. पण ज्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तिथं चित्रं हलवायचं कामही याच मेमरीवर चालतं, म्हणून तिथं जाणवतो. नातवानं पर्याय चालू करून दिला, आकडा ३२०० झाला. मशीन दीडपट पळायला लागलं असं नाही, पण मोठं डिझाईन सरकवताना ते अडखळायचं, ते बरंच कमी झालं.

मला खटकलं ते दुसरंच. तो विद्यार्थी हसून म्हणाला, "जाऊ द्या ना सर, चालत होतं की!" चिखल उपसून पुन्हा उभा राहिलेला हा मुलगा, कर्जाचा हप्ता एक दिवस चुकवत नाही, आणि आपल्याला मिळालं किती हे विचारायला मात्र संकोचतो.

आपण महाडची माणसं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागद तयार होता, पण तळ्यावर जाण्याची सोय नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि कागद व तळं यांतलं अंतर सगळ्यांना दिसलं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. तो माणूसपणाचा लढा होता, त्याच्याशी मेमरीच्या पट्टीची तुलना मी करणार नाही. पण लिहिलेलं असणं आणि चालू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या गावाला तरी कुणी शिकवायला नको.

बाकी क्षेत्रांत ही सवय आपण लावून घेतली आहे. वाण्याच्या वजनांवर सरकारी शिक्का असतो. पेट्रोल पंपावर शंका आली तर ५ लिटरचं माप मागून भरून बघता येतं. मग कॉम्प्युटरच्या दुकानात आपण का गप्प बसतो? अमेरिकेत जी.स्किल या मेमरी कंपनीवर ग्राहकांनी नेमका याच कारणासाठी दावा लावला. कंपनीनं चूक कबूल केली नाही, पण २०१८ पासूनच्या खरेदीबद्दल २४ लाख डॉलरची तडजोड केली. आपल्याकडेही २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. पण तिथपर्यंत जायची वेळ बहुधा येणारच नाही. मशीन घेताना बिलावर मेमरीचा वेग लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी म्हणा, "तेवढा आकडा पडद्यावर दाखवा." भांडण नको, आवाज चढवणं नको. चांगला दुकानदार आनंदानं दाखवेल, आणि तुमच्या बोर्डाला तो वेग झेपणार नसेल तर स्वस्तातली पट्टी घ्या असंही सांगेल.

शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना एक विनंती. मेमरीची व्याख्या मुलांकडून पाठ करून घेता, तशी त्या दिवशी ती तीन बटणंही दाबायला लावा. घरी जाऊन मूल आपल्या बापाच्या दुकानातलं मशीन तपासेल. आमच्या काळचा गृहपाठ याहून फार वेगळा नव्हता.

असो. पुण्याच्या आणि ठाण्याच्या नातेवाईक मंडळींनी आपापल्या घरचा आकडा बघावा आणि मला कळवावा. खोक्यावरचा नको, पडद्यावरचा.